घरी मृत्यू झाला तर काय, आयसीयूत झाला तर काय: अवयवदान, नेत्रदान आणि त्वचादान करताना नेमकं काय करायचं

फॉर्म भरलेला असतो, कार्ड पाकिटात असतं, आणि तरीही दान होत नाही. असं वारंवार घडतं. कारण ज्या माणसाने फॉर्म भरला तो त्या वेळी बोलू शकत नाही, आणि ज्यांना सही करायची असते त्यांना काय करायचं, कुणाला फोन करायचा, हातात किती वेळ आहे, यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून हा लेख मुख्यतः घरच्यांसाठी आहे. शेवटच्या भागात अवयवाची वाट पाहणाऱ्या रुग्णाने काय करायचं तेही दिलं आहे.

आधी एक फरक

किडनी, यकृत, हृदय, फुप्फुसं, स्वादुपिंड आणि लहान आतडं हे अवयव शरीराबाहेर काढेपर्यंत त्यांना रक्तपुरवठा चालू राहावा लागतो. त्यामुळे आपल्याकडे मृत्यूनंतरचं अवयवदान जवळजवळ नेहमी एकाच परिस्थितीत होतं: माणूस आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे, मेंदूचा स्तंभ (श्वासासारख्या क्रिया चालवणारा मेंदूचा खालचा भाग) कायमचा बंद पडला आहे, पण औषधं आणि यंत्राच्या आधाराने हृदय अजून धडधडतंय. रस्ता अपघातात डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव, मोठा पक्षाघात ही त्याची नेहमीची कारणं.

डोळ्यांचा कॉर्निया, त्वचा, हाडं आणि हृदयाच्या झडपा या ऊती हृदय थांबल्यानंतरही काही तास उपयोगी राहतात. म्हणजे घरी वारलेल्या आजोबांची किडनी देता येत नाही, डोळे आणि त्वचा मात्र देता येतात. ‘वय झालं होतं, आता काय उपयोग’ असं म्हणून घरचे गप्प बसतात, तिथे दोन माणसांची दृष्टी वाया जाते. नेत्रदानाला वयाची वरची मर्यादा नाही. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, मधुमेह किंवा रक्तदाब असला, तरी डोळे देता येतात.

जिवंतपणी करायची तयारी

नोंदणी अवयवदानाच्या नियमांतल्या नमुना ७ या फॉर्मवर होते. त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला किमान एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. वय अठराच्या पुढे हवं. २०२३ पासून ‘नोटो’ या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाने ऑनलाइन नोंदणीही करता येते. शंका असेल तर त्यांचा निःशुल्क दूरध्वनी १८०० ११ ४७७० हा आहे.

पण नोंदणी म्हणजे इच्छा. प्रत्यक्षात त्या वेळी घरच्यांना विचारलं जातं आणि त्यांच्या लेखी संमतीशिवाय कुठलंही रुग्णालय पुढे जात नाही. त्यामुळे फॉर्मपेक्षा घरातलं बोलणं महत्त्वाचं, आणि ते मोघम नको. ‘माझं सगळं दान करा’ हे वाक्य आयसीयूच्या दारात उपयोगी पडत नाही. डोळे, त्वचा, अवयव आणि देह या चारही गोष्टींबद्दल वेगवेगळं हो किंवा नाही सांगा. आणि ते त्यालाच सांगा, जो सही करणार आहे. कायद्याच्या व्याख्येत जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. चुलतभाऊ, मामा, मेहुणे यात येत नाहीत. ते कितीही धावपळ करत असले तरी सही शोधायला पुन्हा घरी फोन करावा लागतो.

एक कागद तयार करा आणि तो घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा. त्यावर जवळच्या नेत्रपेढीचा चोवीस तास चालणारा नंबर, जवळ त्वचापेढी असेल तर तिचा नंबर, आणि रात्री-बेरात्री घरी येऊन मृत्यूचा दाखला देतील अशा डॉक्टरांचा नंबर लिहा. हे नंबर आजच एकदा लावून बघा. शहरापासून लांब राहत असाल तर नेत्रपेढीला ‘आमच्या गावापर्यंत तुमची गाडी येते का’ हे आधीच विचारून ठेवा. काही ठिकाणी जवळच्या तालुक्यातल्या प्रशिक्षित माणसाला पाठवलं जातं.

घरी मृत्यू झाला तर: पहिले सहा तास

कॉर्निया हा डोळ्याच्या पुढचा, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पारदर्शक पडदा, घड्याळाच्या काचेसारखा. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर ढकलून त्याला पारदर्शक ठेवतो. या पेशी मेल्या की नव्या तयार होत नाहीत. मृत्यूनंतर त्या भराभर मरू लागतात, उष्णतेत आणखी लवकर. सहा तासांची मुदत यासाठीच आहे. सहाव्या तासाला फोन करून चालत नाही. पथकाला पोहोचायलाही वेळ लागतो, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात फोन झालेला बरा.

क्रम असा ठेवा.

१. डोळ्यांच्या पापण्या हळुवार मिटा. उघड्या राहिल्या तर कॉर्निया वाळतो, आणि वाळलेला कॉर्निया नेत्रपेढीत नापास होतो. पापण्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेले कापसाचे बोळे ठेवा आणि ते वाळू देऊ नका.

२. पंखा बंद करा. एसी असेल तर चालू ठेवा. उन्हाळ्यात गर्दीने भरलेल्या खोलीत पंखा फिरत असतो, आणि बंद करायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

३. डोक्याखाली उशी देऊन डोकं सुमारे सहा इंच उंच करा. त्यामुळे डोळे काढल्यानंतर रक्त झिरपणं कमी होतं आणि चेहऱ्यावर सूज किंवा काळपटपणा येत नाही.

४. नेत्रपेढीला फोन करा. मृत्यूची वेळ, वय, मृत्यूचं कारण, पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि दोन मोबाइल नंबर सांगा. शेवटच्या आजारपणात रक्ताचा कर्करोग, एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर ते लपवू नका. डोळे घ्यायचे की नाही हे ठरवणं त्यांचं काम आहे, तुम्ही स्वतःहून ‘नाही चालणार’ असं ठरवू नका.

५. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी डॉक्टरांना बोलवा. पथक आलं आणि दाखला नसला तर ते थांबून राहतात. घरी झालेल्या मृत्यूसाठी डॉक्टर नमुना ४-अ मध्ये मृत्यूचं कारण लिहून देतात. त्याची एक प्रत पथकाला लागते. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले असतात आणि अनोळखी डॉक्टर दाखला द्यायला तयार नसतात. दीर्घ आजारी माणूस घरी असेल तर त्याच्या जुन्या फाइली एका पिशवीत हाताशी ठेवा, म्हणजे नव्या डॉक्टरांनाही कारण लिहिता येतं.

६. एका नातेवाइकाने संमतीपत्रावर सही करायची आणि दोघांनी साक्षीदार म्हणून.

पथक आल्यावर पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं. तपासणीसाठी थोडं रक्त घेतलं जातं. पूर्ण डोळा किंवा फक्त कॉर्निया काढला जातो, पापण्या मिटवल्या जातात आणि चेहरा पूर्वीसारखाच दिसतो. अंत्यदर्शनाला अडचण येत नाही. पैसे द्यावे लागत नाहीत, घेताही येत नाहीत.

नेत्रपेढीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची घनता मोजली जाते. चांगला कॉर्निया दृष्टी परत आणण्यासाठी वापरतात. थोडा कमी प्रतीचा असेल तर जंतुसंसर्गाने पोखरलेला डोळा वाचवण्यासाठी वापरतात. साध्या माध्यमात तो चार दिवस टिकतो आणि सुधारित माध्यमात चौदा दिवसांपर्यंत. इथे एक गैरसमज दूर करू. नेत्रदानाने कॉर्नियामुळे आलेलं अंधत्व जातं. काचबिंदूने किंवा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) आजाराने गेलेली नजर कॉर्निया बदलून परत येत नाही. म्हणून अंध नातेवाइकासाठी ‘आमचेच डोळे त्याला लावा’ असा आग्रह धरू नका, आधी अंधत्वाचं कारण विचारा.

त्वचादान

त्वचादानाबद्दल सगळ्यात मोठी भीती ‘देह सोलून काढतील’ ही असते. तसं होत नाही. मांड्या, पाय आणि पाठीवरून त्वचेचा फक्त वरचा पातळ पापुद्रा एका विशेष यंत्राने घेतला जातो. रक्तस्राव होत नाही. तिथे बँडेज बांधतात, आणि कपडे घातल्यावर काहीही दिसत नाही. वेळ साधारण पाऊण तास. मुदत इथेही मृत्यूनंतर सहा तासांची धरून चाला. दात्याचं वय अठरा किंवा जास्त हवं. एचआयव्ही, कावीळ ब-क, त्वचेचा कर्करोग किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर त्वचा घेत नाहीत.

ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये थंड तापमानात ठेवली की पाच वर्षांपर्यंत टिकते. रक्तगट जुळवावा लागत नाही. जिथे शरीराचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग भाजलेला असतो, तिथे रुग्णाची स्वतःची त्वचा झाकायला पुरत नाही. उघड्या जखमेतून पाणी आणि प्रथिनं वाहून जातात, जंतू आत शिरतात, आणि रुग्ण दगावतो तो बहुधा याच दोन कारणांनी. दात्याची त्वचा अंगावर काही आठवडेच टिकते, मग गळून पडते. पण तेवढ्या काळात खालची जखम भरू लागते आणि रुग्णाची स्वतःची त्वचा घ्यायला उसंत मिळते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे.

देहदान ही पूर्ण वेगळी गोष्ट. ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात, शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी होतं. नेत्रदान करून देहदान करता येतं. अवयव काढल्यावर किंवा शवविच्छेदन झाल्यावर देह सहसा स्वीकारत नाहीत. त्वचादानानंतर घेतात की नाही हे त्या महाविद्यालयाला आधीच विचारा.

आयसीयूत: मेंदूमृत्यू कसा ठरतो

घरच्यांसाठी सगळ्यात अवघड भाग हाच. छाती वर-खाली होते आहे, अंग गरम आहे, मॉनिटरवर ठोके दिसतायत, आणि डॉक्टर सांगतात की माणूस गेला. विश्वास बसणं कठीणच. पण कोमा आणि मेंदूमृत्यू यांत मूलभूत फरक आहे. कोमातल्या माणसाचा मेंदूस्तंभ काम करत असतो, त्यामुळे तो शुद्धीवर येण्याची शक्यता असते. मेंदूस्तंभ मेला की श्वास घेण्याची आज्ञा देणारं केंद्रच संपतं, आणि तिथून कुणी परत येत नाही. हृदयाला ठोक्यासाठी मेंदूची गरज नसते, ते स्वतःच्या लयीवर प्राणवायू मिळेल तोवर चालतं. व्हेंटिलेटर तो प्राणवायू पुरवत असतो.

१९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, त्यातली २०११ ची दुरुस्ती आणि २०१४ चे नियम यांनी तपासणी कशी व्हावी हे बांधून दिलं आहे. चार डॉक्टर लागतात: रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, शासनाने मान्य केलेल्या यादीतले एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचे शल्यविशारद (ते उपलब्ध नसतील तर यादीतले फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ किंवा आयसीयू तज्ज्ञ), आणि उपचार करणारे डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला कुणीही या चौघांत असू शकत नाही. हा नियम घरच्यांच्या विश्वासासाठीच आहे, तेव्हा बेधडक विचारा.

तपासणीआधी अंगाचं तापमान, रक्तदाब आणि क्षारांचं प्रमाण ठीक करून घेतात. गुंगीच्या किंवा स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा असर उतरल्याची खात्री करतात, कारण यातलं काही बिघडलेलं असेल तर जिवंत मेंदूही प्रतिसाद देत नाही. मग एकेक प्रतिक्षिप्त क्रिया पाहतात. डोळ्यात प्रकाश टाकल्यावर बाहुली आकुंचन पावते का, कॉर्नियाला कापूस लावल्यावर पापणी मिटते का, डोकं फिरवल्यावर आणि कानात बर्फाचं पाणी सोडल्यावर बुबुळं हलतात का, घशात नळी फिरवल्यावर खोकला किंवा ओकारी येते का, चेहऱ्यावर दाब दिल्यावर काही हालचाल होते का.

शेवटची चाचणी ॲप्नियाची. व्हेंटिलेटर काढून नळीतून फक्त प्राणवायू देतात आणि साधारण आठ-दहा मिनिटं छातीवरचे कपडे बाजूला करून छाती हलते का ते पाहत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० मिलिमीटरच्या वर गेला की जिवंत मेंदूस्तंभ श्वास घेतल्याशिवाय राहत नाही. इतका वाढूनही एकही श्वास आला नाही, तर चाचणी मेंदूमृत्यू दाखवते. ही सगळी मालिका किमान सहा तासांच्या अंतराने दुसऱ्यांदा होते आणि मग नमुना १० वर चौघांच्या सह्या होतात. लहान मुलांमध्ये अंतर यापेक्षा जास्त ठेवतात.

एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगायला हवी आणि ती बऱ्याचदा राहून जाते. मेंदूमृत्यूनंतरही हाताची बोटं हलू शकतात, क्वचित हात वर उचलला जातो. ही हालचाल पाठीच्या कण्यातून येते, मेंदूतून नाही. अचानक ते दिसलं की नातेवाइकांचा डॉक्टरांवरचा विश्वास उडतो, आणि ते साहजिक आहे. ॲप्निया चाचणीच्या वेळी एका नातेवाइकाला आत उभं राहू द्यावं, असं आमचं ठाम मत आहे. रुग्णालयं याला तयार होतात, फक्त मागावं लागतं.

संमतीपासून देह हातात येईपर्यंत

अवयवदानाचा पर्याय घरच्यांना सांगणं हे कायद्याने रुग्णालयाचं कर्तव्य आहे. प्रत्यारोपण समन्वयक तुमच्याशी बोलतील. ते आले नाहीत आणि तुमची इच्छा असेल, तर तुम्हीच आयसीयूच्या डॉक्टरांना म्हणा, ‘मेंदूमृत्यूची तपासणी करा, आम्हाला अवयवदानाचा विचार करायचा आहे.’ छोट्या रुग्णालयात ही सोय नसेल तर ते विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीला कळवू शकतात. अशा समित्या मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पश्चिम विभागाचं रोटो-सोटो (अवयव प्रत्यारोपणाची विभागीय आणि राज्य संस्था) कार्यालय मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. गोव्यासाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात विचारा.

संमती नमुना ८ वर होते. अठराखालच्या मुलासाठी आई किंवा वडील सही करतात. प्रत्येक अवयवापुढे वेगळी खूण असते. किडन्या द्यायच्या, हृदय नाही, असंही चालतं. नकार दिला तरी त्याबद्दल कुणी बोल लावू शकत नाही.

सही झाली की लगेच शस्त्रक्रिया होत नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे पुढे चिडचिड होते. रक्तगट आणि संसर्गाच्या तपासण्या, हृदयाची सोनोग्राफी, यादीतल्या रुग्णांना निरोप, वेगवेगळ्या रुग्णालयांतून पथकं येणं, या सगळ्यात अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस जातो. अंत्यसंस्काराची वेळ नातेवाइकांना सांगण्याआधी समन्वयकांना विचारा. ‘उद्या सकाळी’ असं सांगून ठेवलं आणि दुपार झाली, की दारात जमलेले लोक अस्वस्थ होतात आणि त्याचा ताण सही करणाऱ्यावर येतो.

या मधल्या तासांत अवयव टिकवणं हे आयसीयूचं कसब. मेंदू बंद पडला की रक्तदाब कोसळतो, अंग थंड पडतं, आणि लघवी रोखणारं संप्रेरक बंद झाल्यामुळे लघवीचा अक्षरशः लोंढा लागतो. आयसीयूतले डॉक्टर ‘शंभरचा नियम’ धरतात: वरचा रक्तदाब १०० च्या वर, तासाला १०० मिलिलिटरच्या वर लघवी, रक्तातल्या प्राणवायूचा दाब १०० च्या वर, हिमोग्लोबिन लिटरला १०० ग्रॅमच्या वर. ही घडी विस्कटली तर थिएटरमध्ये पोहोचण्याआधीच हृदय थांबतं आणि सगळं हातचं जातं. म्हणून ‘दुबईहून भाऊ येईपर्यंत थांबू, मग सांगतो’ असं म्हणताना समन्वयकांना विचारून घ्या की किती वेळ शक्य आहे. भावाची संमती व्हिडिओ कॉलवर बोलून आधी घ्या आणि अंत्यदर्शनासाठी त्याची वाट पाहा.

शस्त्रक्रियेत थंड द्रावण सोडून अवयवांतलं रक्त धुऊन काढतात. रक्तवाहिनीला चिमटा लावला की घड्याळ सुरू होतं. हृदय आणि फुप्फुसांना साधारण चार ते सहा तास मिळतात, यकृताला आठ ते बारा, किडनीला चोवीस ते छत्तीस. अवयव निर्जंतुक पिशव्यांच्या थरांत ठेवून मग बर्फाच्या पेटीत ठेवतात. बर्फ थेट लागू देत नाहीत, नाहीतर ऊती गोठून निकामी होतात. रस्त्यावरचा ग्रीन कॉरिडॉर (अवयवाच्या गाडीसाठी वाहतूक थांबवून मोकळा केलेला मार्ग) बहुतेक हृदयासाठी किंवा फुप्फुसांसाठी का लागतो, ते या आकड्यांवरून कळेल.

नंतर छाती-पोटावरची चीर नेहमीच्या शस्त्रक्रियेसारखी शिवून, अंग पुसून, कपडे घालून देह दिला जातो. संमतीनंतरच्या देखभालीचा, अवयव काढण्याचा आणि वाहतुकीचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. त्याआधीच्या उपचारांचं बिल मात्र तुमचंच असतं. दोन्ही बिलं कोणत्या वेळेपासून वेगळी होतात, हे संमतीच्या वेळीच लिहून घ्या.

अपघात असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन

अपघाताच्या प्रकरणात पोलिसांचं ना-हरकत पत्र आणि शवविच्छेदन लागतं. पहिली मेंदूमृत्यू तपासणी होताच पोलिसांना कळवायला सांगा, दुसरीची वाट पाहू नका. अपघात एका ठाण्याच्या हद्दीत आणि मृत्यू दुसऱ्या हद्दीत, असं झालं की कागद फिरत राहतात. अशा वेळी रुग्णालयाच्या पोलीस चौकीतल्या माणसाला दोन्ही ठाण्यांशी बोलायला लावा, नातेवाइकांनी धावपळ करून ते होत नाही. अवयव काढताना शवविच्छेदन करणारे डॉक्टर हजर राहू शकतात, त्यामुळे वेळ वाचतो. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नाही, ही जुनी अडचणही २०२१ मध्ये केंद्र सरकारने दूर केली. सोय असलेल्या रुग्णालयात अवयवदानासाठी ते रात्रीही करता येतं.

वाट पाहणाऱ्या रुग्णाने काय करायचं

मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवायचं ते मान्यताप्राप्त प्रत्यारोपण रुग्णालयामार्फतच. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने ६५ वर्षांची वयोमर्यादा आणि राज्याच्या रहिवासाची अट काढली, नोंदणीसाठी शुल्क घेऊ नये असंही सांगितलं. नोंदणी क्रमांक मिळाला की तो लिहून ठेवा आणि नोंद झाल्याची खात्री करून घ्या.

यादीत नाव असणं आणि यादीत तयार असणं यात फरक आहे. तपासण्या जुन्या झाल्या, अंगात ताप आहे, फोन बंद आहे, तर संधी पुढच्याला जाते. दात तपासून घ्या, कावीळ ब ची लस आधीच घ्या. डायलिसिसवर हिमोग्लोबिन कमी झालं की लगेच रक्त चढवून घेऊ नका. आधी रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपॉइटिनच्या इंजेक्शनांबद्दल डॉक्टरांशी बोला. बाहेरच्या रक्तामुळे शरीरात प्रतिपिंडं तयार होतात, आणि मग दात्याची किडनी जुळणं अवघड होतं.

एका किडनीसाठी एकाहून जास्त रुग्णांना बोलावतात, कारण क्रॉसमॅच शेवटच्या घडीला होतं. दात्याच्या पेशींवर तुमच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी हल्ला केला तर किडनी बसवताच निकामी होईल, म्हणून ती दुसऱ्याला जाते. तुम्ही उपाशीपोटी रात्रभर थांबून परत आलात, तरी यादीतला तुमचा क्रम जात नाही.

नवी किडनी ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला बसवतात. जुन्या किडन्या सहसा तशाच ठेवतात. मूत्रवाहिनीत ठेवलेली नळी काही आठवड्यांनी काढायची असते. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. राहून गेली की तिच्यावर खडे जमतात.

नंतरचं आयुष्य औषधांच्या वेळेवर चालतं. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून दिलेलं टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी, रोज त्याच वेळी. रक्तातली पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी आधी घ्यायची नाही, रक्त दिल्यावर घ्यायची. नाहीतर पातळी खोटी जास्त दिसते, डोस कमी केला जातो आणि किडनी नाकारली जाण्याचा धोका वाढतो. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर आधी डॉक्टरांना विचारा. टीबीवरचं रिफाम्पिसिन ही पातळी एकदम खाली आणतं, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल वर नेतं. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे आणि गुळवेलीची चूर्णं बंदच ठेवा, कारण तुमची औषधं ज्या प्रतिकारशक्तीला आवरून धरतात तिलाच ती चिथावतात. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. शंभर अंशांच्या वर ताप, लघवी कमी होणं, नव्या किडनीच्या जागी दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयाला फोन करा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्याला भेटा. आयुष्यभराच्या गोळ्यांचा खर्च वेगळा धरून महिन्याचा हिशेब आधीच मांडा. पैसे संपले म्हणून गोळ्या अर्ध्या करणं, यासारखं दुःखदायक कारण किडनी जाण्याला दुसरं नाही.

जिवंत दाता

किडनी किंवा यकृताचा भाग जवळचा नातेवाईक देऊ शकतो. उरलेलं यकृत पुन्हा वाढतं, उरलेली एक किडनी दोघींचं काम करते. नात्याचे पुरावे लागतात: आधार, शिधापत्रिका, जन्माचा किंवा लग्नाचा दाखला, कुटुंबाचे जुने फोटो. मंजुरीसाठी दाता आणि रुग्णाची मुलाखत होते, तिचं चित्रीकरण होतं. रक्तगट जुळत नसेल तर अदलाबदल करता येते. एका कुटुंबात ए गटाची बायको आणि बी गटाचा नवरा, दुसऱ्यात बी गटाची बायको आणि ए गटाचा नवरा, असं असेल तर दोन्ही जोड्यांच्या शस्त्रक्रिया एकाच दिवशी करतात.

आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये बायका, आया आणि बहिणी जास्त असतात. म्हणून दात्याशी डॉक्टरांनी एकांतात बोलायलाच हवं. भूल देईपर्यंत तिला माघार घेता येते, आणि तिने ती घेतली तर ‘तपासणीत बसत नाही’ एवढंच घरच्यांना सांगावं अशी विनंती ती करू शकते. दान झाल्यावर दात्याचाही रक्तदाब, लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन दरवर्षी तपासायला हवं. सगळं घर रुग्णाच्या फाइली सांभाळतं, दात्याची फाइल उघडतही नाही. केंद्र सरकारच्या कर्मचारी दात्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते, तिचा अर्ज शस्त्रक्रियेआधी द्या.

पैसे घेऊन दाता मिळवून देणारा कुणी भेटला तर थेट नकार द्या. अवयवांच्या व्यवहाराला पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे, आणि तो देणारा, घेणारा आणि मध्यस्थ या तिघांनाही लागू होतो.